मागे जागा शे

आप्पांनी दोरी एकदा ओढली, टण्, की सिनेमा थांबायचा. दोनदा ओढली, टण् टण्, की पुन्हा सुरू. मधल्या वेळात सगळ्यांनी चित्र काढायचं. सगळ्यांनी म्हणजे पोरांच्या आईबापांनीसुद्धा. उशिरा आलेला कुणी दारात घुटमळला की आप्पा ओरडायचे, "बठा, बठा, मागे जागा शे!" मागे जागा कधीच नसायची. मागे भिंत होती.

तुम्हीही असा कंडक्टर पाहिला असेल. गाडीत मुंगी शिरायला वाव नाही, आणि हा पठ्ठ्या छातीठोक सांगतो की मागे जागा आहे. आमच्या शहाद्याच्या आप्पांनी तीस वर्षं धडगाव आणि तोरणमाळच्या गाड्या केल्या. घाटात कोण कुठल्या वळणावर उतरणार, हे त्यांना नुसतं तोंड बघून कळायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारातून बसची घंटा आणली आणि ओट्यावर टांगली. दोरी आत स्वयंपाकघरापर्यंत नेली. चहा झाला की काकू आतून दोनदा ओढायच्या.

गल्लीच्या तोंडाशी माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. जूनमध्ये एक दिवस आप्पा काउंटरवर वाकून म्हणाले, "भाऊ, ते जपानी कार्टून काय ऱ्हास, माले दखाड."

"आप्पा, या वयात?"

"तू दखाड. वय मी देखस."

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. तसं निम्मं गल्लीला माहीत होतं. त्यांची नात सुरतला. मार्चमध्ये काकू गेल्या तेव्हा तिची दहावीची परीक्षा चालू होती. घरच्यांनी ठरवलं, पेपर संपेपर्यंत पोरीला कळू द्यायचं नाही. ती रोज फोन करून म्हणायची, आजीला द्या. आणि आप्पा, काकूंना स्वतः खांदा देऊन आलेले आप्पा, सांगायचे, "तुन्ही आजी तोरणमाळले गयी शे. तठे रेंज नही." असे दहा दिवस. आजीचं शेवटचं तोंडसुद्धा त्या पोरीला दिसलं नाही.

मे महिन्यात ती आली ती कानात हेडफोन घालूनच. दिवसभर कोपऱ्यात बसून जपानी कार्टून बघायची. पोरं त्याला अ‍ॅनिमे म्हणतात. माझ्या बायकोशी बोलली, दारातल्या शेळीशी बोलली, पण आप्पांशी एक अक्षर नाही. "एक डाव मन्हा शेजारे बठाले पाहिजे ती," आप्पा म्हणाले, "बाकी काही नको." दिवाळीला ती पुन्हा येणार होती. तोवर हे जपानी प्रकरण शिकून ठेवायचं, असा त्यांचा बेत होता. एवढ्या मोठ्या माणसाला असं स्टुलावर बसलेलं बघून मला भडभडून आलं. मी चिडल्यासारखं करून त्यांचा फोन ओढून घेतला आणि दोन सिनेमे लावून दिले.

पण एकट्यानं बघणं त्यांना जमेना. "रिकामी गाडी मी कधी नेली नही," म्हणाले. माझ्याकडे दुरुस्तीला येऊन बेवारस पडलेला एक प्रोजेक्टर होता. दर रविवारी दिवेलागणीला आप्पांच्या ओट्यासमोरच्या भिंतीवर खेळ सुरू झाला. मी झालो डायवर, म्हणजे सिनेमा चालू-बंद करणारा. नियम एकच होता: अर्ध्या तिकिटानं एकटं चढायचं नाही. प्रत्येक पोराबरोबर घरातलं एक मोठं माणूस हवंच. मीही माझ्या आठ वर्षांच्या हर्षूला आप्पांकडे सोडून दुकान उघडं ठेवायच्या विचारात होतो. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप शटर ओढलं.

थांबा आला की जुन्या कॅलेंडरची पानं आणि तेलखडू वाटले जायचे. आत्ता जे बघितलं ते काढा, नाहीतर पुढे काय होईल ते काढा. चित्र दाखवलं की आप्पा जुन्या पंचनं त्याला टिक् करून भोक पाडायचे. ते तिकीट. तिकिटाशिवाय पुढचा सिनेमा नाही. तापीकाठचे एक केळीवाले गुजर काका नातवंडांना घेऊन यायचे. पडद्यावर समुद्र असो की राक्षस, ते केळीचा घडच काढायचे. माझं अस्वल बघून हर्षू म्हणाली, "पप्पा, हे पोतं छान आलंय."

एकदा लाल खडू संपले. आप्पांना वाटलं, एवढं काय त्यात, आणि त्यांनी डब्यातून मिरचीची पूड आणली. आमची नंदुरबारची मिरची ती! पोरांनी डिंक लावून राक्षसावर ती भुरभुरली, आणि कुणा शहाण्यानं पंखा लावला. बाप रे बाप! पस्तीस माणसं एकदम शिंकत, डोळे चोळत, राक्षसाला शिव्या देत नळाकडे पळाली. आप्पा स्वतः शिंकता शिंकता घंटा वाजवत होते, "गाडी खाली करा! गाडी खाली करा!"

खरी मजा आप्पांच्या आवाजाची. सिनेमा जपानी, खाली पळती इंग्रजी अक्षरं. ती पोरांनाही वाचता यायची नाहीत आणि आप्पांनाही. मग आप्पाच सगळ्यांच्या तोंडी बोलायचे. नायिका अहिराणी बोलायची. जंगलातली जनावरं पावरी बोलायची, कारण आप्पांच्या मते घाटातली सगळी भली माणसं पावरी बोलणारी. आणि खलनायक कायम शुद्ध मराठीत, "आपण येथे विनापरवाना उभे आहात, कृपया बाजूला व्हावे!" पोरं हसून लोळायची. गोष्ट खरी काय होती देव जाणे. आप्पा तोंड बघून ठरवायचे.

फक्त एक होतं. आप्पांच्या गाडीत कुणी मरायचं नाही. पोरांनी रडलेलं त्यांना चालायचं नाही. पडद्यावर कुणी डोळे मिटले, की आप्पा घाईनं म्हणायचे, "हाऊ आते तोरणमाळले गया. हवा चांगली शे तठे." पोरांना पटायचं. मी गालातल्या गालात हसायचो. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझी अक्कल मोबाइलच्या सर्किटापुरतीच.

दिवाळीत नात आली. आप्पांनी सगळ्यांचा लाडका सिनेमा ठेवला: कंदील विकणारी मुलगी आणि तिला वाट दाखवणारं डोंगराएवढं अस्वल. सकाळपासून त्यांचा जीव खालीवर. शेजारी एक खुर्ची त्यांनी मोकळी ठेवली. पोरगी आली, खुर्चीकडे न बघता मागे भिंतीला टेकून बसली. कानात हेडफोन.

आप्पा त्या दिवशी जीव ओतून बोलले. खलनायकाच्या वेळी मी मागे वळून पाहिलं, तर तिनं एक कान मोकळा केला होता. ओठांत हसू दाबत होती. मी आप्पांना डोळ्यानं खुणावलं. आप्पा आणखी रंगात आले. मग शेवटाकडे बर्फात ते अस्वल आडवं झालं, मुलीनं त्याच्या नाकावर हात ठेवला, आणि आप्पा सवयीनं बोलून गेले, "आस्वल आते तोरणमाळले गया."

पोरगी उठून उभी राहिली. "आप्पा, अस्वल मेलंय."

आप्पांचा हात दोरीवर होता. तो खाली घसरला आणि घंटा एकदा वाजली. मी सिनेमा थांबवला.

"तोरणमाळला नाही गेलं," ती म्हणाली. "तुम्ही परत तेच सांगताय."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते भिंतीवरच्या त्या अस्वलाकडे वळले. मग म्हणाले, "हा. मरी गया. तुन्ही आजीबी मरी गयी. मन्हं चुकनं, बेटा. तुले सांगाले पाहिजे व्हतं."

आधी हर्षू रडली, मग सगळी पोरं. केळीवाले काका तर मोठ्यानं. मीही रडलो, लाज कसली? आणि ती पोरगी माणसांच्या मधून वाट काढत पुढे आली आणि त्या मोकळ्या खुर्चीत बसली. आप्पांच्या खांद्यावर डोकं टेकून मनसोक्त रडली. आठ महिन्यांचं रडणं होतं ते.

मग चित्रं काढायला आप्पांना सांगावं लागलं नाही. नातीनं आजी काढली, हातात दोरी धरलेली, बाजूला अस्वल. आप्पांना त्याला भोक पाडवेना. ती म्हणाली, "तिकीट आहे ना? मग पाडा." त्यांनी अगदी कडेला पाडलं.

त्यानंतर दर रविवारी ती सुरतहून माझ्या फोनवर यायची आणि खालची अक्षरं वाचून आप्पांना खरी गोष्ट सांगायची. दोघांची भांडणं ऐकायलाच गर्दी व्हायची. "आप्पा, तो व्हिलन असं बोलत नाही!" "मन्हा व्हिलन असाच बोलस!" मरणारे मात्र आता मरायचे. पोरं रडायची आणि नाक पुसून रंगवायला बसायची.

एप्रिलमधल्या एका दुपारी आप्पा ओट्यावरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. डॉक्टर येऊन गेल्यावर मी त्यांच्या मुलाला फोन लावला. तो रडला, मग म्हणाला, "भाऊ, पोरीला सांगू नका. अकरावीचे दोन पेपर राहिलेत. मी एकटाच निघतो."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोन ठेवला. रविवारचा तिचा नंबर माझ्याकडे होताच. "बेटा," मी म्हटलं, "आप्पा वारले. आत्ता, तासाभरापूर्वी. पप्पा निघताहेत, त्यांच्याबरोबर ये." मग ती म्हणाली, "काका, मी येईपर्यंत थांबाल ना?"

थांबलो. सगळी गल्ली थांबली. तिनं आप्पांना डोळे भरून पाहिलं, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ते आजीचं चित्र ठेवलं, आणि मग आम्ही उचललं. मुलगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. बोलू दे, न बोलू दे. ती परत जाऊन राहिलेला पेपर देऊन आली, दुसरा फेरपरीक्षेत दिला, पासही झाली.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी प्रोजेक्टर लावला. आप्पांची खुर्ची तशीच होती, दोरीपाशी नात उभी होती. ओटा खच्चून भरलेला. तेवढ्यात एक बाई दोन लेकरं घेऊन दारात आली आणि गर्दी बघून परत फिरू लागली.

सुरतेत वाढलेली ती पोरगी. अहिराणी तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकली नव्हती.

"बठा, बठा," ती ओरडली, "मागे जागा शे!"

मागे भिंतच होती. तरी आम्ही सगळे सरकलो.