माझी दर्दी मान

चहा आधी घेऊन टाका. कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला कुठल्याही मैफलीत शेजारी बसू देणार नाही!

तर आमची इरा. वय चौदा, जन्म अबुधाबीचा, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. तिला आम्ही हौसेने व्हायोलिनला घातलं. म्हटलं, यमन वाजवेल, भूप वाजवेल. झालं काय? ती डेल नावाच्या अमेरिकन सरांकडे ब्लूग्रास शिकायला लागली. ब्लूग्रास म्हणजे त्यांच्या डोंगराळ भागातलं संगीत. बँजो, मँडोलिन, गिटार आणि व्हायोलिन. पण तिथे व्हायोलिनला फिडल म्हणायचं. नाव बदललं की फीसुद्धा बदलते, ते सोडा.

हिवाळ्यात अल ऐनच्या एका बागेत या संगीताचा दिवसभराचा फेस्टिव्हल होता. वाळवंटात, खजुरांच्या झाडांखाली, डोंगरातलं संगीत! का नाही? आपण दुबईत बर्फावर घसरतोच की.

त्या दुपारी डेल सर इराला ऐकणार होते. पसंत पडली तर आपल्या बँडमध्ये घेणार होते. पोरगी आठवडाभर धड जेवली नव्हती. गाडीतच तिने मला दम भरला, "बाबा, नो वाहवा. नो क्या बात है. प्लीज. जस्ट सिट."

"अगं, पण दाद दिली नाही तर कलाकाराचा अपमान होतो."

"बाबा!"

"बरं बाई. तोंड उघडणार नाही. खलास."

मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "तोंडाचं कबूल केलंत. बाकीच्या अवयवांचं काय?" मंजिरीचा माझ्यावर किती विश्वास आहे बघा.

बागेत एका झाडाखाली वादकांच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. इरा त्यात जाऊन बसली. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, सावलीतली. श्रोते बिचारे मागे उन्हात. मी काय केलं असेल? रुमाल टाकला! रुमाल टाकला की जागा आपली, हा कायदा कुठल्याही देशात चालतो. मंजिरी लांबून हातवारे करत होती. मला वाटलं, तिला माशा त्रास देतायत.

माझ्या दुसऱ्या बाजूला एक गोरी आजी मँडोलिन घेऊन बसली होती. "होल्ड धिस फॉर मी, डिअर?" म्हणाली आणि वॉशरूमला गेली. मी ते मँडोलिन पाहुण्यांच्या बाळासारखं मांडीवर घेतलं.

आता त्यांची रीत ऐका. मला ती नंतर कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी मजा नीट घेता येईल. टोपीवाला लीडर आळीपाळीने एकेकाकडे बघतो. तुम्ही मान हलवून होकार दिलात की बाकीचे हळू वाजवतात आणि पुढचा तुकडा तुम्ही एकट्याने वाजवायचा. नको असेल तर नकार द्यायचा, पाळी शेजाऱ्याकडे जाते. सोपं आहे.

आणि आपल्याकडे मान कशासाठी असते? बोला!

गाणं सुरू झालं. बँजोवाल्याने असा काही धडाका लावला की माझं तोंड बंद, पण मान सुटली. लीडरने माझ्याकडे बघितलं. मी समेवर जोरदार मान हलवली.

सगळे एकदम हळू वाजवायला लागले आणि माझ्याकडे वळले. मला काय वाटावं? ओळखलं! इतक्या लोकांत एक दर्दी बसलाय, हे ओळखलं बरोबर!

मी डोळे मिटून आणखी डोलायला लागलो.

"गो अहेड, ब्रदर!" लीडर ओरडला.

गिटारवाला फिलिपिनो पोरगा म्हणाला, "यल्ला, अंकल! डोन्ट बी शाय!"

आता इतके लोक तोंड उघडून दाद मागतायत म्हटल्यावर माणसाने काय करावं? वचन एकीकडे, रीतभात एकीकडे. मी हात उंचावला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "क्या बात है, हबीबी!"

त्या भरात माझा अंगठा तारेवर आपटला. टंग!

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! नवख्याला सांभाळून घ्यायचं, ही त्यांची माणुसकी. मी नम्रपणे मान हलवली. म्हणजे माझ्यासाठी आणखी एक फेरी. पुन्हा टाळ्या, पुन्हा मान, पुन्हा फेरी. माझ्यानंतर इराची पाळी होती. ती व्हायोलिनचा गज हातात धरून बसलेली, चेहरा पांढराफटक. समोर डेल सर उभे.

एवढ्यात लीडरने एक पाय वर उचलला. म्हणजे ही शेवटची फेरी, गाणं संपवायचं. मला वाटलं, बिचाऱ्याच्या पोटरीत गोळा आला. मी सहानुभूतीने मान हलवली.

इराने तो पाय बघितला. तिने डावा हात सरळ माझ्या डोक्यावर ठेवला आणि दाबला. मान थांबली. मग तिने फिडल हनुवटीखाली घेतलं आणि माझ्या पाळीत घुसून असं वाजवलं, असं वाजवलं, की काय सांगू! लाजही वाटत होती, पण अभिमान जास्त होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा दाद द्यायची हिंमत झाली नाही.

डेल सर इराला म्हणाले, "यू सेव्ह्ड द साँग. सॅटर्डे, प्रॅक्टिस. डोन्ट बी लेट." मग मला बाजूला घेऊन त्यांनी मानेचा नियम समजावला, अगदी शांतपणे. मी समजलं म्हणून मान हलवणार होतो, तेवढ्यात मंजिरीने मागून कॉलर धरली.

आता मी दर शनिवारी प्रॅक्टिसला जातो. अट एकच. गाडीतून उतरायच्या आधी इरा माझ्या गळ्यात विमानातली ती गोल उशी घट्ट अडकवते.

परवा त्या मँडोलिनवाल्या आजीने मला तसं बघितलं. मानेचं काही दुखणं असेल असं समजून तिला माझी फार दया आली. इराला हळूच विचारलं, "पुअर मॅन! डझ इट रन इन द फॅमिली?"

इराने माझ्याकडे बघितलं, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "इन्शाल्ला, नो."