किटलीमावशीचं दार

त्याचा धंदा गॅसचे गीझर दुरुस्त करण्याचा. गल्लीत सगळे त्याला गीझरवालाच म्हणत. बायको चारचौघांत 'अहो' म्हणे आणि चिडली की 'गीझरवाले', म्हणजे बऱ्याचदा. शौक म्हणाल तर एकच. मोबाइलवर जगभरातल्या अनोळखी माणसांचा एक ग्रुप होता. तिथं आपल्यासमोरच्या साध्यासुध्या वस्तूचा फोटो टाकायचा. कुणी झाडू टाकला, तर बाकीच्यांनी आपापल्या घरचा झाडू टाकून उत्तर द्यायचं. कुणाची भाषा कुणाला कळत नाही, तेव्हा शब्द लिहायला मनाई. "जगभरची खरकटी भांडी बघत बसता, त्यातली इथली चार घासा की," असं बायको म्हणायची. पण नवा फोटो आला की तिचीच मान आधी पुढे यायची.

दोघांची लाडकी होती किटलीमावशी. कुठल्याशा बर्फाळ गावात एकटी राहणारी म्हातारी. चेहरा कधी दिसला नाही. दिसायचा तो सुरकुतलेला हात आणि पोचे आलेली निळी किटली. नाव बायकोनंच ठेवलेलं. गीझरवाल्यानं काहीही टाकावं, मावशीचं उत्तर थोड्या वेळात हजर. त्यानं तुटकी चप्पल टाकली, तिनं झिजलेले बूट. त्यानं रफू केलेला अभ्रा, तिनं ठिगळं लावलेली गोधडी.

काल मावशीनं पाण्याचा पेला आणि शेजारी दोन गोळ्या टाकल्या होत्या. डोकं दुखत असेल बिचारीचं, म्हणून यानं बामची डबी टाकली. आज दुपारी तो जेवत असताना किटली आली आणि त्याचा घास हातातच राहिला. किटलीच्या मागे कोपऱ्यात गॅसचा गीझर होता. वरची नळी सांध्यातून निसटून लोंबत होती आणि भिंत काजळीनं काळी झाली होती.

"काय झालं? मीठ कमी पडलं का?" बायकोनं विचारलं.

त्यानं सांगितलं. नळीतून बाहेर जायचा तो वायू खोलीतच कोंडतोय. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका बाथरूमचं दार फोडलं तेव्हा तो तिथं हजर होता. आत काय दिसलं ते त्यानं बायकोला कधी सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही.

ताट तसंच राहिलं. मोबाइलमधल्या भाषांतराच्या भरवशावर त्यानं मावशीला खासगी निरोप पाठवला. तो तिनं उघडलाच नाही. फोटो टाकणं आणि बघणं, एवढंच तिला येत असावं. मग त्यानं तिच्याच फोटोत नळीभोवती लाल गोल काढून टाकला. उत्तर आलं: एक लाल गोल बशी.

त्यानं धावत जाऊन खिडकी सताड उघडली आणि तिचा फोटो टाकला. मावशीनंही आपली खिडकी पाठवली. बंद, आणि फटीफटीला पांढरी पट्टी चिकटवलेली. बघ, थंडीला कसं नेटकं अडवलंय, असा सगळा थाट.

आता गीझरच दाखवायचा राहिला. पण घरचा दाखवण्यासारखा नव्हता. त्याची नळी तारेनं आणि चिकटपट्टीनं बांधलेली होती, आणि त्यावरून बायकोची रोजची बोलणी होती. म्हणून त्यानं एका गिऱ्हाइकाकडचा जुना फोटो टाकला: गीझर बंद, नळी झकास बसवलेली. जरा वेळानं मावशीचा गीझर आला. पुसून लख्ख केलेला, आणि फोटो छान यावा म्हणून मुद्दाम पेटवलेला. आत निळी हवी तिथं पिवळी, वायू कोंडणारी ज्योत जळत होती.

गीझरवाल्याला कळलं, आपण गप्प बसलो असतो तर तो गीझर निदान बंद तरी राहिला असता. त्यानं मोबाइल उपडा ठेवला. आता काही टाकायचीही भीती आणि न टाकायचीही.

बायकोनं मोबाइल उचलून तो फोटो पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "अहो, तुम्ही करता तेच ती करते ना?"

"तेच तर नडलंय."

"मग आपण घराबाहेर जाऊ."

 दोघं उठले, दार उघडं टाकून पायऱ्या उतरले. उघडं दार आणि त्यासमोर रस्त्यावर दोघांची पावलं, असा फोटो गेला. मग तिथंच उभे राहिले. समोरची शेजारीण दारात आली आणि कुणाची वाट बघताय म्हणून विचारू लागली. बायको म्हणाली, मावशीची. कुठून यायचीय? तर म्हणे, स्वयंपाकघरातून. शेजारणीनं पुढे काही विचारलं नाही.

मोबाइल वाजला. बर्फात लोकरी मोज्यांतली दोन पावलं, मागे उघडं दार.

"बूट तरी घालायचे होते," बायको म्हणाली आणि तिनं नाक पुसलं. "थांबू नका आता. परत आत जाईल ती."

तो शेजारणीकडे धावला. ती दारातच उभी असताना त्यानं तिची घंटी दाबली आणि घंटीवरच्या बोटाचा फोटो काढला. शेजारीण काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. पण मावशीकडून दुसऱ्याच कुणाचं तरी दार आलं. दारात एप्रन घातलेला, पिठानं हात माखलेला उंच माणूस गोंधळून उभा होता. गीझरवाल्यानं लाल गोलाचा फोटो पुन्हा टाकला, आता तो या माणसाच्याही नजरेला पडेल म्हणून.

या वेळी बशी आली नाही. काहीच आलं नाही. दोघं पायरीवर बसून राहिले. घरात जायचं कुणालाच सुचेना. उन्हं कलली तेव्हा एकदाचा फोटो आला. खिडकी सताड उघडी, पांढऱ्या पट्ट्या लोंबताहेत, आणि विझलेल्या गीझरच्या खटक्यावर पिठाच्या बोटांचे ठसे.

गीझरवाल्यानं मोबाइल बायकोच्या हातात दिला आणि उपरण्यासारखा खांद्यावर टाकलेला टॉवेल तोंडावर धरून बसला. तिनं त्याला काही चिडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी किटली पुन्हा आली. मागे गीझरला चकचकीत नवी नळी. त्यानं फोटो मोठा करून सांधा पाहिला. काम चोख होतं. तो समाधानानं बसला, तर बायको बाथरूमच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी.

"मावशीनं फोटो टाकलाय," ती म्हणाली. "उत्तर द्यायला नको?"

गीझरवाल्यानं एकदा आतल्या तारेकडे, चिकटपट्टीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं हत्यारांची पिशवी उचलली.