चौदा नंबरचा पट

पुण्याहून निघताना माझ्याजवळ तीन डाग होते: एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि पुठ्ठ्याची एक लांब नळी. पेटीत कॅरमचे स्ट्रायकर, बोरिक पावडरचे डबे, बुद्धिबळाचे संच आणि शिट्टी. नळीत सामन्यांचे तक्ते. ते मी स्वतः लाल-निळ्या शाईने आखले होते आणि, खोटं कशाला बोलू, मला त्यांचा गर्व होता. बैठ्या खेळांचा पंच म्हणून माझं थोडंफार नाव होतं. ते खेळण्यामुळे नव्हे, नियमांवर बोट ठेवण्यामुळे झालं होतं.

बोलावणं आलं होतं केशवरावांचं. भोकरदनकडच्या एका मोठ्या गावातले हे जमीनदार, आणि खेळांचे वेडे. कॅरम, सारीपाट, बुद्धिबळ यांचा तीन दिवसांचा मेळावा त्यांनी गावात भरवायचं ठरवलं होतं. आखणी, सोडती, निकाल सगळं माझ्याकडे. जाहिरातीचा मजकूरसुद्धा मीच लिहून पाठवला होता. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. मनमाडला गाडी बदलून छोट्या रुळावरच्या गाडीने सकाळी जालन्याला उतरलो, तेव्हा जानेवारीची थंडी अंगात भरली होती. स्टँडवर भोकरदनची एस.टी. उभी होती. पेटी टपावर गेली, पावडरचा एक डबा मात्र मी जपून पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवला. व्हायचं तेच झालं. गावाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात झाकण उडालं आणि सगळी पावडर माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सांडली.

मी ओशाळून रुमाल काढला. तो माणूस हसत होता. तिशी-पस्तिशीचा, पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी.

"राहू द्या साहेब. एकदम म्हातारं करून टाकलं की मला," तो म्हणाला. मग बोटावर पावडर चोळून बघत, "ही कॅरमची न्हाई का? तुम्ही मेळाव्याला चाल्ले का?"

मी पंच आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा असा काही उजळला की मला संकोच वाटला. त्याने पिशवीतून घडीचा पट आणि सोंगट्यांची डबी काढून दाखवली. हे साळवे गुरुजी. मेळाव्याच्या गावाहून दोन कोसांवरच्या शाळेत शिक्षक. औरंगाबादला शिकताना वसतिगृहात बुद्धिबळ शिकले, कॉलेजात पहिले आले आणि नोकरी लागून इकडे आले.

"सहा वर्षं झाली साहेब," ते म्हणाले. "सहा वर्षांत समोर माणूस बसला न्हाई."

"मग खेळता कुणाशी?"

"माझ्याशीच. एक चाल इकडून, एक तिकडून. वस्तीतले लोक दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडून येतात, त्यांच्यापुढं पट कुठं मांडू? अन् गावातले..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं. "जाहिरात वाचली. सर्वांसाठी खुले, असं लिहिलं व्हतं. दोनदा वाचली. लगेच नाव धाडलं."

ते शब्द माझेच होते. मला बरं वाटलं.

वाटेत एका फाट्यावर गाडी चहासाठी थांबली. दोन्हीकडे कापूस वेचून झालेली रानं, मध्येच हिरवीगार शाळू ज्वारी. टपरीवाल्याने मला पेल्यात चहा दिला. गुरुजींनी पिशवीतून स्वतःचा पितळी पेला काढला, जरा बाजूला उभे राहून पुढे धरला, आणि त्याने वरूनच चहा ओतला.

"वा गुरुजी! स्वतःचं भांडं बाळगता? ही सवय आमच्या पुण्याच्या लोकांना लावली पाहिजे," मी कौतुकाने म्हणालो.

त्यांनी पेला ओठांजवळून खाली घेतला. "सवय लावलेलीच हाय, साहेब," एवढंच बोलले आणि चहा प्यायले.

आज हे लिहिताना लाज वाटते. पण त्या दिवशी मला काहीही कळलं नाही. शिकलासवरला पन्नाशीचा माणूस मी, आणि समोरची गोष्ट दिसली नाही.

राजूरला टेकडीवरच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले आणि पुढच्या थांब्यावर उतरलो. केशवराव स्वतः न्यायला आले होते. फेटा, भरघोस मिशा, आवाज चार शेतं पलीकडे जाईल असा. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळून त्या पिठाची केलेली आमटी). इतकी तिखट की डोळ्यांतून धारा लागल्या. केशवराव खो खो हसले आणि त्यांनी माझ्या वाटीत तुपाची धार सोडली. "खा साहेब, बिलकुल लाजू नका!" माणूस जीव लावणारा होता. त्याच्याबद्दल वाईट लिहिणं मला आजही जड जातं.

मेळावा बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये होता. कापसाचे तंतू अजून वाशांना चिकटलेले. सतरंज्या अंथरून आम्ही चाळीस पट मांडले, प्रत्येकाला नंबराची पाटी. आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी शिट्टी वाजवली आणि ती शेड अशी दणाणली की विचारू नका. सारीपाटवाले म्हातारे कवड्या आपटत ओरडत होते, कॅरमची टकटक चालली होती, बघे खेळणाऱ्यांपेक्षा जास्त अक्कल शिकवत होते. भोकरदन, जाफराबाद, पार अंबडहून लोक आले होते. एका सतरंजीवर बसून एका किटलीतला चहा पीत होते. माझे तक्ते भिंतीवर झळकत होते. इतका सुखी मी क्वचितच झालो असेन.

बुद्धिबळाला सोळा नावं होती. साळवे गुरुजींच्या वाट्याला भिंतीकडचा चौदा नंबरचा पट आला. त्यांनी सोंगट्या मांडल्या, प्रत्येक घोड्याचं तोंड सारखं केलं आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. पंधरा मिनिटं झाली. प्रतिस्पर्ध्याला ताप भरल्याचा निरोप आला. पंधरा मिनिटांत जो हजर नाही तो बाद, हा माझा नियम. मी तक्त्यावर साळवे यांच्या नावापुढे लिहिलं, 'पुढे चाल'.

"नशीब काढलंत गुरुजी! घाम न गाळता पहिली फेरी पार," मी म्हणालो.

"दुसऱ्या फेरीत येईल की कुणीतरी," ते म्हणाले.

दुसऱ्या फेरीतल्या माणसाची म्हैस व्यायला झाली होती. मी हसलो, खेड्यात असं चालायचंच. घड्याळ बघितलं आणि लिहिलं, 'पुढे चाल'. गुरुजी त्याच पटाशी बसून होते. चहाची किटली त्यांच्यापर्यंत आली तेव्हा पिशवीतून पितळी पेला निघाला, आणि किटलीवाल्याने हात उंच करून चहा ओतला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आख्ख्या शेडमध्ये वेगळा पेला त्यांचा एकट्याचाच होता.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीचा गडी आला नाही, तेव्हा मी बाहेर जाऊन पाहिलं. तो शेडच्या मागे उन्हात बसून हुरडा खात होता. मला बघून उठला आणि ज्वारीत दिसेनासा झाला.

मी तडक केशवरावांना गाठलं. "हे काय चाललंय?"

"काय चाल्लंय? कुणी न्हाई म्हणलं का, साहेब? ज्याला त्याला काम निघालं."

"सगळ्यांना? एकाच माणसासमोर?"

त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. "तुम्ही उद्या जाल पुण्याला. मला या लोकांत राहायचंय. म्यां त्याचं नाव कापलं का? बसू दिलं का न्हाई सतरंजीवर? न खेळता ढाल त्यालाच मिळून राह्यली. अजून काय पाहिजे?"

ढाल देऊन एखाद्याला नाकारता येतं, हे माझ्या कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. उलट माझ्या नियमानेच ते सोपं करून दिलं होतं. कुणाला काही बोलावंही लागलं नाही. फक्त यायचं नाही, पुढचं काम माझी शाई करत होती.

मी गुरुजींकडे गेलो. "तुम्ही लेखी तक्रार द्या. मी मेळावा थांबवतो."

"काय लिहू?" त्यांनी शांतपणे विचारलं. "सगळे माझ्यापुढं हारले, असं लिहू?"

तिसऱ्या दिवशी अंतिम सामन्याच्या गड्याने पाय मुरगळल्याची चिठ्ठी पाठवली. मी चौथ्यांदा लिहिलं, 'पुढे चाल'. केशवरावांनी टाळ्यांच्या गजरात ढाल दिली. एकही सोंगटी न हलवता बुद्धिबळाचा विजेता झालेला तो माणूस सर्वांना नमस्कार करून खाली उतरला आणि आपला पट आवरू लागला. मला रडू येत होतं, पण मी आभाराचं भाषण केलं.

दुपार कलल्यावर जालन्याच्या गाडीसाठी सडकेवर आलो तर ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर साळवे गुरुजी बसलेले. शेजारी ढाल, पालथी ठेवलेली. गाडीला उशीर होता. मी म्हणालो, "पट काढा गुरुजी. खेळू या."

त्यांनी मोरीवर पट मांडला. मला पांढरी दिली. मी राजापुढचं प्यादं सरकवलं. ते बराच वेळ नुसते त्या प्याद्याकडे बघत राहिले.

"माफ करा. समोरून चाल आली की कसं व्हतं ते इसरूनच गेल्तो (विसरूनच गेलो होतो)."

मग त्यांनी आपली चाल केली, आणि दोन्ही हातांनी पट धरून उलटा फिरवला. पांढऱ्या सोंगट्या त्यांच्याकडे गेल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. सहा वर्षांची सवय. "अरे! तुम्ही हाय की समोर," ते पुटपुटले आणि पट पुन्हा माझ्याकडे वळवला.

सहा-सहा चाली झाल्या. काय खेळत होते! माझा वजीर अडकत चालला होता आणि त्यांचे डोळे येताना एस.टी.त चमकले होते तसे चमकत होते. माझी सातवी चाल होती तेवढ्यात धूळ उडवत गाडी आली.

"चला पंच साहेब, जल्दी!" कंडक्टर ओरडला. "आजची ही शेवटची. मंग उद्या सकाळीच."

गुरुजी उभे राहिले. "साहेब, आज माझ्याकडं राहा की. दोन कोस तर हाय. भाकरी खाऊ, डाव पुरा करू. सकाळच्या गाडीला मी आणून सोडतो."

मी घड्याळ पाहिलं. सोमवारी कचेरीत हजर व्हायचं होतं. मनमाडला गाडी गाठायची होती. ते सगळं मी त्यांना सांगितलं. म्हणालो, "पुढच्या चाली पत्राने कळवतो."

"बराबर हाय. काम म्हणल्यावर काय," ते म्हणाले आणि त्यांनीच माझी पेटी उचलून टपावर दिली. गाडी वळली तेव्हा ते मोरीवर वाकून पटावरच्या सोंगट्यांची जागा वहीत लिहून घेत होते.

पुण्याला पोचल्यावर मी पोस्टकार्डावर सातवी चाल लिहून पाठवली. दहा दिवसांनी उत्तर आलं. वळणदार मास्तरी अक्षर: 'आपली चाल पोचली. उत्तराची चाल सुचली आहे, पण कळवीत नाही. पत्राने खेळणे म्हणजे पुन्हा एकट्यानेच पट फिरवणे. आपण याल तेव्हा समोर बसून खेळू. पट तसाच मांडून ठेवला आहे.'

मी गेलो नाही. दर हिवाळ्यात जायचं ठरवलं आणि दर हिवाळ्यात काहीतरी निघालं. काही वर्षांनी पाठवलेलं पत्र परत आलं. गुरुजींची बदली झाली होती, कुठे ते लिहिलेलं नव्हतं.

तो तक्ता अजून माझ्याकडे आहे. साळवे यांच्या नावापुढे माझ्या सुरेख अक्षरात चार वेळा 'पुढे चाल'. पाचव्यांदा लिहायला जागा नाही, नाहीतर तिथे न आलेला गडी म्हणून मला माझं नाव घालावं लागलं असतं. सोमवारी मला कचेरीत खरोखरच काम होतं. पण मग, काम तर त्या चौघांनाही होतंच.