सोलगोलवालीचं नाक

सोलगोलवालीला मी पहिल्यांदा पाहिलं ते बसमधून उतरताना. मी तेव्हा नवीकोरी शिक्षिका होते. गांगवॉन प्रांताच्या डोंगरातल्या या गावी, दोन खोल्यांच्या शाळेवर माझी नेमणूक झाली होती. एका हातात वळकटी, खांद्याला पिशवी. थांब्यावर एक ठेंगणी बाई डोक्यावर पानांचं गाठोडं घेऊन उभी होती. मी शेजारून जाऊ लागले तशी तिने मान वळवली, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "नव्या बाई ना तुम्ही? पिशवीतले सुके मासे आजच उन्हात टाका. ओल धरलीय त्यांनी."

एवढं सांगून ती बसमध्ये चढून गेलीसुद्धा. मला जरा रागच आला. अनोळखी माणसाच्या पिशवीत नाक खुपसायचं हे कुठलं वागणं? खोलीवर जाऊन पिशवी रिकामी केली. आईने दिलेल्या माशांच्या पुडीत खालचा थर चिकट झाला होता.

आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. सोलगोलची म्हणून ती सोलगोलवाली. तिचं खरं नाव बोंगन्ये. ते मला कळलं, कारण तिची मुलगी माझ्या वर्गात आली आणि आईचं नाव सांगायची वेळ आली. गावात त्या नावाने तिला कुणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

मुलीला पोचवायला आली की ती शाळेच्या दारात उभी राहून कुणाच्या डब्यात काय आहे ते सांगायची. मुलं डबे उघडून खातरजमा करायची आणि खिदळायची. पण तिच्या नाकाचं खरं काम वसंतात सुरू व्हायचं. बर्फ वितळून ओढे वाहते झाले की बायका कमरेला झोळ बांधून पहाटे डोंगर चढायच्या आणि दुपारी उतरल्या की थेट सोलगोलवालीच्या अंगणात. तिथे मोठी चटई अंथरलेली असायची. प्रत्येकीने आपला झोळ त्यावर रिकामा करायचा. मग ती मांडी घालून बसायची आणि एकेक पान नाकाखालून फिरवून बाजूला ठेवायची. ती गप्पा मारत असायची, कुणाला तरी टोमणा हाणत असायची, आणि हात आपले चालूच.

याला कारण होतं. आमच्या डोंगरात अस्वलपान मिळतं. उंचावर, दाट सावलीत उगवतं. तळव्याएवढं गोल पान, त्यात गरम भात आणि बोटभर सोयाबीनची चटणी गुंडाळून खायची. ज्याने एकदा खाल्लं त्याला वसंत म्हटला की तेच आठवतं. आणि ओढ्याकाठी तोंगी उगवते. तिचंही पान तसंच गोल, कोवळेपणी तर जुळी बहीण शोभावी अशी. पण ती पोटात गेली तर माणूस ओकून ओकून अर्धा होतो, आणि म्हातारं किंवा अशक्त माणूस असेल तर त्याच्या जिवावर बेततं. कडांचे दाते बघून फरक कळतो म्हणतात, पण कोवळ्या पानाला दाते धड फुटलेलेच नसतात. वास मात्र चुकत नाही. अस्वलपान चोळलं की कडसर-गोडसर दरवळ येतो. तोंगीला वास नाही.

तिच्या अंगणातून गेलेल्या पानाने गावात कधी कुणाचं पोट दुखलं नाही. भाज्या करायचीही तीच. नेच्याचे कोंब उकळून रात्रभर पाण्यात ठेवायची. काटेरी झाडांचे कोवळे शेंडे नुसते गरम पाण्यातून काढायची. बाकीच्या पाल्याला मीठ, लसूण, घरच्या रांजणातली सोयाबीनची चटणी आणि शेवटी रानतिळाचं तेल. दुसरं काही नाही. मी तिला एकदा विचारलं होतं, प्रमाण काय? ती म्हणाली, "बाई, पुरे झालं की वास सांगतो."

भिंतीपलीकडे हानबाटवाली राहायची. दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या आणि तेव्हापासून भांडत होत्या. कोंबड्यांवरून, ओढ्यावरच्या धुण्याच्या दगडावरून, कुणाची चटणी जास्त मुरली यावरून. हानबाटवालीला आपल्या वस्तू दुसऱ्याने नेलेल्या खपत नसत. तिच्या टोपल्या, कोयते, अगदी झाडूलासुद्धा निळी चिंधी बांधलेली असायची.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात गावात तापाची साथ आली. सोलगोलवाली बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. पण बर्फ गेलं तशी उठली, डोंगरावर जाऊ लागली, अंगणात चटई पडली. मी तेव्हा निवृत्त होऊन इथेच राहिले होते आणि दुपारी तिच्याकडे जाऊन बसायचा मला छंद होता. त्या वर्षी तिचं काहीतरी वेगळं वाटत होतं. पान नाकाखालून फिरवायची ते फिरवायचीच, पण मग उजेडात धरायची, पाठीवरून अंगठा फिरवायची. गप्पा बंद झाल्या होत्या. आणि जरा शंका आली की पान सरळ उकिरड्यावर.

"काय गं, पानाची पत्रिका जुळवतेयस का?" हानबाटवाली म्हणायची. "आम्ही गुडघे फोडून आणायचं आणि हिने सासूसारखी खोट काढायची."

"तुला घाई असेल तर जा घरी."

"जाते की. पण धुवायचं काम या वर्षी माझं. तू धुतलंस की पानं फाटतात."

भाजी धुण्याचं काम हानबाटवालीने असं भांडून मागून घेतलं, आणि ते आम्हा सगळ्यांना तिच्या स्वभावाला धरूनच वाटलं.

हंगामाच्या शेवटी आमच्याकडे गावजेवण असतं. समाजमंदिरात बुटकी मेजं मांडतात आणि सगळं गाव पानात भात गुंडाळून खातं. त्या वर्षीही पोटभर जेवणं झाली. प्यॉन आजोबांनी तर, नव्वदी उलटलेली असताना, किती वेळा पानं मागून घेतली ते मीच पाहिलं. जेवणं आटोपून लोक पांगले. मी भांडी विसळायला मागच्या पडवीत गेले तर सोलगोलवाली पाण्याच्या घंगाळाशी बसली होती. समोर एक रिकामी टोपली आणि हातात एकच कोमेजलेलं पान.

"बाई," ती म्हणाली, "हे काय आहे?"

मी पान घेतलं. चोळलं. पुन्हा चोळलं. कसलाच वास आला नाही.

"तोंगी," मी म्हणाले.

"टोपलीच्या तळाला होतं. म्हणजे वरची पानं वाढली गेली." तिचा आवाज अगदी सपाट होता. "बाई, मला वास येत नाही. तापातून उठले तेव्हापासून. काहीच नाही. लसणाचा नाही, धुराचा नाही. मला वाटलं येईल परत. डोळ्याने भागवत होते."

मी हातातली भांडी खाली ठेवली. मग तिच्या शेजारी बसले. ती म्हणाली, "आख्खं गाव जेवलंय माझ्या हातचं."

"तुम्हाला स्वतःला काही होतंय?"

"मला काय व्हायचंय? मी जेवलेच नाही, वाढत होते."

मी मात्र जेवले होते.  डॉक्टरला फोन करायचा तर तो खालच्या गावात, आणि सांगायचं काय? आधी घरोघर जाऊन बघायचं ठरलं. एखाद्याला जरी मळमळलं तरी लगेच सरपंचांच्या गाडीने सगळ्यांना हलवायचं. जायला निमित्त हवं म्हणून उरलेले तांदळाचे लाडू तिने त्याच टोपलीत भरले, पान खिशात टाकलं आणि आम्ही निघालो.

मला वाटतं गावाने त्या दुपारी आम्हा दोघींना वेड लागलं असं ठरवलं असेल. सरपंचांची बायको ओट्यावर झोपली होती. सोलगोलवालीने तिला हलवून जागं केलं.

"पोट कसंय?"

"भरलंय. का?"

"मळमळतंय का?"

"तू हलवेपर्यंत नव्हतं."

पुढच्या घरी नवरा-बायको पत्ते खेळत होते. त्यांनी दोन लाडू घेतले आणि तिसरा मागितला. त्याच्या पुढच्या घरी सून म्हणाली, सासरे पुन्हा भात मागतायत, तुमची पानं उरलीत का? प्रत्येक दारात सोलगोलवालीचा चेहरा जरा सैल व्हायचा आणि पुढच्या दाराशी पुन्हा आवळायचा.

प्यॉन आजोबांच्या घरी ते दिसेनात. लेक म्हणाली, "परसात गेलेत. बराच वेळ झाला."

सोलगोलवालीने माझा हात धरला. संडासाचं दार बंद होतं. आम्ही बाहेर उभ्या राहिलो. आतून कण्हल्याचा आवाज आला.

"आजोबा," ती म्हणाली, "बरंय ना?"

"कोण ते?"

"मी सोलगोलवाली. उलटी होतेय का? जुलाब?"

 मग दार उघडलं आणि आजोबा वर्तमानपत्राची घडी काखेत धरून बाहेर आले.

"जुलाब म्हणे," ते म्हणाले. "पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो. परवापासून वाट बघतोय, आज कुठे जमलं. आता इथेही लाडू घेऊन उभी राहणार आहेस का?"

मी तोंडावर हात धरला. सोलगोलवाली मात्र हसली नाही. अजून एक घर राहिलं होतं.

हानबाटवाली अंगणात नेच्याचे कोंब वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "लाडू नकोत. माझे दात माहीत आहेत तुला."

"पोट कसंय तुझं?"

"माझ्या पोटाची चौकशी? मरायला टेकलेय का मी?"

सोलगोलवालीने खिशातून पान काढून तिच्यापुढे धरलं. "हे टोपलीत होतं. आजच्या जेवणाच्या."

हानबाटवालीने पानाकडे पाहिलं, मग टोपलीकडे पाहिलं. "आणि माझी टोपली गावभर मिरवतेयस होय? मी मघापासून शोधतेय."

तेव्हा मी टोपलीच्या कडीकडे पाहिलं. निळी चिंधी. गावभर मी त्या टोपलीशेजारून चालले होते आणि ती मला दिसली नव्हती.

"ही जेवणाची टोपली नाही," हानबाटवाली म्हणाली. "आज सकाळी धुताना ते पान काढलं मी. फेकायला म्हणून माझ्या टोपलीत टाकलं आणि विसरले. एकच होतं. बाकी पान न् पान हुंगलंय मी, आजचं काय, हंगामभराचं. नाक झिजलं माझं."

सोलगोलवाली उभी होती तिथेच खाली बसली, कोंबांच्या चटईवरच. हानबाटवालीने कोंब तिच्याखालून ओढून काढले, पण उठ म्हणाली नाही.

"तुला कधीपासून माहीत?"

"बर्फ होतं तेव्हापासून. तुझ्याकडे आले होते तेव्हा तू भाजीत तेल घातलंस. खवट तेल. घोड्याला वास आला असता. आणि वर मला विचारतेस, कशी झालीय?"

"तू छान म्हणालीस."

"म्हणाले. घरी जाऊन ओकले." ती पुन्हा कोंब पसरू लागली. "सांगशील म्हणून वाट पाहिली. तू कसली सांगतेस. मग धुवायचं काम मागितलं."

"सांगायचं होतंस मला."

"सांगितलं असतं तर चटई गुंडाळून आत बसली असतीस. मी भांडायचं कुणाशी? बोंगन्ये, आता रडू नकोस, कोंब ओले होतात."

ती रडत नव्हती, म्हणजे नुसतं रडत नव्हती. बाहीचं टोक तोंडाशी धरून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.  एक लाडू उचलून मी खाल्ला. हानबाटवालीनेही एक घेतला, दातांचं काहीही असो.

दुसऱ्या दिवशी सोलगोलवालीने चटईवर सगळ्या बायकांसमोर सांगून टाकलं. मान खाली घालून, भराभर, जसं मुलं चूक कबूल करतात तसं.  मग सरपंचांची बायको म्हणाली, "म्हणजे गेल्या आठवड्यात माझा अर्धा झोळ उकिरड्यावर टाकलास तो उगाचच?" आणि सगळ्या जणी हसायला लागल्या. त्या दिवसापासून तिच्या गप्पा परत आल्या. मुलीने तिला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, वास येईलही, नाहीही. परतताना ती बसमधून उतरली तेव्हा मी थांब्यावर होते. तिला विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाली, "माझ्याएवढंच त्यालाही माहीत आहे."

वास परत आलेला नाही. आता तिला ऐंशी पूर्ण झाली आहेत. उंचावर जात नाही, पण खालच्या उतारावर जाते, आणि वसंतात चटई अजून तिच्याच अंगणात पडते. पान आधी तिच्या हातात येतं. ती उजेडात धरते, पाठ चाचपते, आणि शेजारी हानबाटवालीकडे देते. ती हुंगते. भाजी शिजली की सोलगोलवाली भिंतीपलीकडे हाक मारते, कारण तिची स्वतःची रानतिळाच्या तेलाची बाटली हल्ली हानबाटवालीच्या फडताळात असते. बाटलीच्या गळ्यात निळी चिंधी बांधलेली आहे.