मास्तरांनी बेतलेलं घर

लोक घर बांधतात. मास्तर घर बेतत होते. रस्त्यात कुणी "कुठवर आलं घर?" असं विचारलं की ते म्हणायचे, "बेतून झालंय, कापायचं राहिलंय." ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याचा एखादा टाका सुटला बहुतेक. तसं काही नव्हतं. हे मास्तर शाळेतले नव्हते, टेलरमास्तर होते, आणि जगातली कुठलीही गोष्ट त्यांना कापडाच्या भाषेतच कळायची.

वय सहासष्ट, उंची बेताची, गळ्यात टेप. ही टेप अंघोळीपुरती खुंटीवर जायची, एरवी जेवतानाही गळ्यातच. दहा बाय आठच्या भाड्याच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं शर्ट-पँटी शिवल्या. गिऱ्हाईक दाराशी येईपर्यंत त्याची छाती आणि कंबर त्यांनी नजरेनंच घेतलेली असायची. जाताजाता स्वभावही घ्यायचे. "कंबर चौतीस सांगतो, आहे सदतीस. हा घरीसुद्धा खरं बोलत नसणार," असं गिऱ्हाइकाची पाठ वळल्यावर म्हणायचे, आणि सहसा ते बरोबर निघायचं.

आता शिंपी म्हटला की कापड चोरणार, असं लोक धरूनच चालतात. सोनार-शिंप्याची संगत नको रे बाप्पा, असं त्यांच्या तोंडावर म्हणणारी गिऱ्हाइकंही होती. मास्तर चिडत नसत. "चोरत नाही, वाचवतो," एवढंच म्हणत. वाचलेल्या कापडात कधी गिऱ्हाइकाच्या पोराची चड्डी निघायची, कधी मास्तरांच्या मुलाचा शर्ट. त्यामुळे लहानपणी त्या मुलाच्या शर्टाच्या दोन बाह्या एका रंगाच्या क्वचितच असायच्या.

मशीनच्या मागे, खाली जमिनीवर, मास्तरीणबाई बसायच्या. घरचं आटोपून अकराला यायच्या आणि दिवे लागेपर्यंत काजं, बटणं, हातशिलाई करायच्या. बोलायच्या कमी, कारण दातांना दोरा तोडायचं काम असायचं. पण बोलल्या की मास्तर मशीनचं चाक हातानं थांबवून ऐकायचे. ऐकलं नाही तर काय होतं, ते त्यांनी तरुणपणी एकदोनदा पाहिलं होतं.

तर, दुकानाच्या मालकाला त्याची जागा परत हवी झाली, आणि त्याच सुमारास मुलानं वस्तीच्या टोकाला एक प्लॉट घेतला. प्लॉट लांबट आणि अरुंद, म्हणून खोल्याही एकामागे एक. पुढे बैठक, मग मुलाची आणि सुनेची खोली, मग मास्तर-मास्तरीणबाईंची, आणि शेवटी स्वयंपाकघर. मुलानं नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. मास्तरांनी खोल्या मोजल्या. परत मोजल्या. मग हळूच विचारलं, "आणि मशीन?"

"केलाय त्याचा विचार, बाबा!" मुलगा खुशीत म्हणाला. "बैठकीत ठेवायचं, खिडकीखाली. मस्त पॉलिश करून घेऊ आणि वर एक फुलदाणी. जुन्या मशीनला हल्ली फार शोभा आहे."

"आणि तुम्ही आता आराम करायचा," सून म्हणाली. "चाळीस वर्षं पाय मारलेत त्यावर. पुरे झालं."

दोघंही मनापासून बोलत होते, आणि तीच तर पंचाईत होती. वाकडं बोलणाऱ्याशी भांडता येतं. मायेनं बोलणाऱ्याला माणूस काय सांगणार? मास्तर "बरं" म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही. मशीनवर फुलदाणी! म्हणजे उद्या माझ्या डोक्यावर कुंडी ठेवाल, असं त्यांना म्हणायचं होतं, पण म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर मास्तर घाबरले होते. मशीनचं चाक थांबलं की आपलंही थांबेल, अशी अगदी साधी भीती. ती बोलून दाखवली असती तर मुलानं विचारलं असतं, "पण बाबा, आता कपडे शिवून घेतं कोण?" याचं उत्तर मास्तरांना ठाऊक होतं. दिवसाकाठी एखादी पँट आखूड करायला यायची, एखादी चेन बदलायला. प्रश्न आला असता तर गप्प बसावं लागलं असतं. म्हणून त्यांनी ठरवलं की जागा मागायचीच नाही. वाचवायची.

घराचं काम घेतलेले मिस्त्री हे मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा लग्नातला कोट मास्तरांनी तीन वेळा उसवून मोठा केला होता, आणि मिस्त्रींच्या बायकोची अजून समजूत होती की आपल्या नवऱ्याची कंबर लग्नात होती तेवढीच आहे. असं गुपित ज्याच्या मुठीत, त्याला नाही म्हणायची मिस्त्रींची काय टाप?

मास्तरांनी त्यांना प्लॉटवर गाठलं, नकाशा विटांच्या ढिगावर पसरला आणि खिशातला खडू काढला. "बैठकीतून एक फूट काढा. मुलाच्या खोलीतून सहा इंच. आमच्यातून सहा. स्वयंपाकघरातून एक फूट. भिंती तेवढ्या तेवढ्या पुढे घ्या. मागे किती राहिलं?"

"तीन फूट," मिस्त्री म्हणाले. "अहो मास्तर, हे घर आहे, पायजमा नाही. तीन फुटांत करणार काय? माणूस आडवासुद्धा व्हायचा नाही."

"आडवं कुणाला व्हायचंय? बसायचंय. आणि उत्तरेला खिडकी द्या, चांगली मोठी. सुईत दोरा ओवायला उजेड लागतो."

मिस्त्रींनी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजले. "घरी काय सांगणार?"

"अडगळीची खोली."

"सांगा बापडे. पण मी आधी जमिनीवर फक्कीच्या रेघा मारणार, आणि घरच्या सगळ्यांनी बघून हो म्हटल्याशिवाय पायाला कुदळ लावणार नाही. नंतर माझ्या नावानं बोंब नको."

मास्तरांना यात धोका वाटला नाही. पांढऱ्या रेघा बघून कुणाला काय कळतंय? घरी त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं, की रविवारी मिस्त्री आखणी करणार आहेत. मुलगा म्हणाला, "रेघा काय बघायच्या? पाया झाला की बघू." मास्तरांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी भाजी परत वाढून घेतली. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "रेघांत काय बघायचंय?"

मास्तरीणबाई एका शर्टाला बटण लावत होत्या. त्यांनी दोरा दातानं तोडला. "ट्रायल न घेता कापणार?"

"अगं, घर आहे ते."

"मग? दुकानात पाटी कुणी लावली होती? 'ट्रायल दिल्याशिवाय कपडा मिळणार नाही.' भांडायचात लोकांशी. लग्नाची घाई असली तरी सोडायचा नाहीत. आणि जन्मभर राहायच्या घराची ट्रायल नको?"

पाटी मास्तरांचीच होती, अक्षरही त्यांचंच. स्वतःच्याच कात्रीत सापडलेला शिंपी कसा दिसतो, ते त्या दिवशी घरच्यांनी पाहिलं असतं, पण मास्तरांनी तोंड ताटात घातलं होतं.

रविवारी सकाळी सगळे प्लॉटवर जमले. काळ्या मातीवर पांढरंशुभ्र घर आडवं पडलं होतं. मिस्त्रींनी दारं मोकळी सोडली होती आणि खिडक्यांच्या जागी दोन-दोन विटा ठेवल्या होत्या. मुलगा तरातरा आत निघाला तसे मिस्त्री ओरडले, "साहेब, भिंतीतून कुठे? दारातून या!" मुलगा ओशाळून मागे फिरला आणि दारातून आला. तिथे नसलेली चौकट डोक्याला लागेल म्हणून थोडा वाकलासुद्धा.

बैठकीत उभं राहून त्यानं दोन्ही हात पसरले. "आखूड वाटते का हो, बाबा?"

"पहिल्यांदा अंगात घालताना तसंच वाटतं," मास्तर म्हणाले. "वापरात आली की बसते अंगाला."

"आमची खोली खांद्याला जरा आवळतेय," सून हसत म्हणाली. घराण्यात चार वर्षं काढून तीही ही भाषा शिकली होती.

"एक-दोन धुण्यांत सैल होईल," मास्तरांच्या तोंडून गेलं. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकांना दिलेली सगळी उत्तरं त्यांनी त्या दहा मिनिटांत खर्च केली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं त्यांना त्या भर उन्हात प्रत्येक रेघ आपल्याकडे बोट दाखवतेय असं वाटत होतं.

मास्तरीणबाई मात्र कुणाशी न बोलता सरळ मागे गेल्या, दारातून, आणि स्वयंपाकाला लागल्या. हातात काही नव्हतं. पण त्यांनी पातेलं उतरवलं, पाणी घेतलं, चिरायला घेतलं, वळून डबा काढला. वळताना पाय रेघेवर पडला. त्या परत वळल्या. परत रेघेवर.

"घट्ट होतंय," त्या म्हणाल्या.

"कुठे?" मास्तरांनी सवयीनं विचारलं.

"काखेत."

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मास्तरीणबाई सरळ मास्तरांकडे आल्या आणि त्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली. हे धाडस आजवर कुणी केलं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघर मोजलं. "सात फूट. नकाशात आठ होतं." मग रेघ ओलांडून त्या मागच्या पट्ट्यात उभ्या राहिल्या. "आणि हे तीन फूट कसले?"

"अडगळीची खोली," मास्तर पुटपुटले.

"अडगळीला उत्तरेची एवढी मोठी खिडकी? अडगळ काय सुईत दोरा ओवणार आहे?"

आता मिस्त्रींनाही हसता येईना. मास्तरांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग मातीकडे. "मशीन," ते म्हणाले. "मला त्यावर फुलदाणी नकोय. मला शिवायचंय. कुणी आलं नाही तरी शिवायचंय. बसून राहिलो तर मी मरेन रे."

मग मुलगा म्हणाला, "बाबा, सांगायचं ना. अख्खी खोली काढली असती."

"अख्खी कशाला? वाचवलेल्यात भागतं माझं."

सुनेनं पदरचा आणखी अर्धा फूट द्यायची तयारी दाखवली, मुलानं फुलदाणीचा विषय पुन्हा काढणार नाही असं कबूल केलं, आणि गोड शेवट झाला असं धरून मिस्त्रींनी कुदळ उचलली. "मग लावू?"

"थांबा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ट्रायल संपली नाही." त्यांनी मास्तरांना पट्ट्यात चार विटा रचून बसायला लावलं, मशीनवर बसतात तसं. मग मागे, नेहमीच्या जागी, स्वतः मांडी घालून बसल्या. त्यांचा एक गुडघा रेघेच्या आत राहिला. दुसरा घराबाहेर, शेजारच्या मोकळ्या प्लॉटात.

"अगं, पण तू कशाला..." मास्तर म्हणाले आणि तिथेच थांबले.

"मी कशाला? काजं कोण करणार? बटणं? स्वयंपाकघरातला फूट घेतलात त्याचं मला काही नाही. माझं मी भागवलं असतं. पण चोरायचंच होतं तर दोघांपुरतं चोरायचं होतं. तुम्ही एकट्यापुरतंच चोरलंत."

त्या रडत नव्हत्या, पण आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. मास्तरांना आयुष्यात बऱ्याच गोष्टींची लाज वाटली होती. एवढी कधीच नव्हती वाटली. तुम्ही आराम करा, असं सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं. हिला कुणी तेवढंही सांगितलं नव्हतं. हिचंही काही बंद पडतंय, हे मुलाच्या लक्षात आलं नाही, सुनेच्या आलं नाही, आणि पाठीला पाठ लावून चाळीस वर्षं बसलेल्या नवऱ्याच्याही आलं नाही. हिच्या सुईसाठी कुणी फुलदाणीसुद्धा सुचवली नव्हती.

मुलगा चटकन पुढे झाला. "मिस्त्री, बैठकीतून अजून घ्या. लागेल तेवढं घ्या. पाहुणे बसतील दाटीवाटीनं."

मिस्त्रींनी बैठकीची रेघ पायानं पुसायला घेतली. मास्तर विटांवरून उठले आणि बायकोसमोर मातीत गुडघे टेकून बसले. तिच्या हातातली टेप घेतली. एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत माप घेतलं, दोरा ओढताना कोपर किती मागे जातो ते घेतलं, सुईचा डबा ठेवायला बाजूला वीतभर धरलं. गावातल्या निम्म्या माणसांची मापं त्यांना पाठ होती. हे माप ते पहिल्यांदाच घेत होते. मग त्यांनी मातीवर खडू टेकवला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे तो प्रश्न विचारला, पण आवाज असा की मिस्त्रींनाही ऐकू जाऊ नये.

"फिट ठेवू की सैल?"

मास्तरीणबाईंनी पदरानं नाक पुसलं. "सैल ठेवा," त्या म्हणाल्या. "खूप वर्षं बसायचंय."