खोलीतलं नाटक

बायकोबरोबर मी शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. दुसऱ्या दिवशी ती गेली. वर्षभर मी लेकीकडेसुद्धा तिचा विषय काढला नाही.

मग आमच्या लालबागच्या चाळीत नाटकवाले आले. ते लोकांच्या खोल्यांतच नाटक करायचे. माझ्या खोलीत त्यांच्यातली केस बारीक कापलेली एक पोरगी, जीभ दातांत धरून, सुरीने वाल सोलत बसली. समोर दहा प्रेक्षक.

"अगं बये, सुरी कसली घेतेस? बोटांनी दाब. आमची ही तर..."

प्रेक्षक हसले. त्यांना मी नाटकातलाच वाटलो.

पोरीने सुरी ठेवली. "आजोबा, मला खरंच येत नाही. आजी कशा करायच्या?"

मी अर्धा तास बोललो, रडलोही. मन हलकं झालं.

सकाळी लेकीला फोन लावला. म्हटलं, "तुझ्या आईबद्दल बोलायचंय. वेळ आहे ना?"