जादाच्या प्रतीवर भरवसा नसलेल्या बाई

"जादाचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका," आमच्या बाई टाकीच्या काचेला बोट लावून म्हणायच्या. काचेपलीकडे पट्टेरी झेब्रा मासे, अलीकडे आम्ही, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतले त्यांचे सहकारी.

फार पूर्वी माशांच्या एका पूर्वजाचा अख्खा जनुकसंच दुप्पट झाला, हा बाईंचा विषय. प्रत्येक जनुकाला जोडीदार मिळाला. बऱ्याच जादाच्या प्रती पुढे निकामी होऊन गळाल्या, काहींनी कामं वाटून घेतली, काही नवीच कामं शिकल्या. हे ऐकताना एखाद्या विद्यार्थ्याने जांभई दिली, की बाई शांतपणे म्हणत, "मेंदूची मात्र एकच प्रत दिसते आपल्याकडे. जपून वापरा."

काळजी करणं हा त्यांचा स्वभावच. विश्रांतवाडीच्या घराचं कुलूप ओढून बघायच्या, कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढायच्या. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेलच. आम्ही त्यांना हसायचो, आणि त्याही हसायच्या.

त्यांनी माशांचा एक वंश वाढवला होता. हृदयाच्या एका जनुकाची एक प्रत मोडलेली, तरी हृदय चालायचं, कारण दुसरीने भार उचललेला. बाईंचं आयुष्य त्यात गेलं होतं. म्हणून तो वंश दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलेला.

त्यांच्या निवृत्तीच्या महिन्यात गच्चीवरची पाण्याची टाकी कुणीतरी धुतली आणि ब्लीचिंग पावडर तशीच राहिली. सकाळी पाहतो तर दोन्ही खोल्यांतले मासे वर येऊन तोंडं वासताहेत.

"खोल्या दोन केल्या हो. पाणी एकाच टाकीचं," बाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

धावपळ करून मोजकेच मासे वाचवले. ते अंडी घालीनात. बाई निवृत्त झाल्या, तरी घालीनात. रोज त्यांचा फोन यायचा, रोज मी नाही म्हणायचो, आणि माझीही झोप उडाली.

अखेर एका सकाळी अंडी दिसली. दुसऱ्या दिवशी बाई पाहुण्यांचा पास गळ्यात घालून हजर. झेब्रा माशाचं हृदय अंड्यातच, दिवसाभरात धडधडू लागतं, आणि अंग पारदर्शक असल्यामुळे ते दिसतंही.

"तुम्हीच बघा. माझ्याच्याने नाही होणार," म्हणून त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिली अंडी पांढरी, मेलेली. पुढचीही तशीच. मग एक स्वच्छ अंडं दिसलं, आणि त्यात काहीतरी उडत होतं. शेजारच्यातही. वंश वाचला होता.

मी बाहेर धावलो. बाक रिकामा.

"मॅडम गेल्या," वॉचमन म्हणाला. "म्हणाल्या, वाईट असेल तर उद्या सांगा."

फोन लावला, तर तो बंद. मी तसाच बसस्टॉपकडे पळत सुटलो. बस हलली होती आणि बाई खिडकीत होत्या. मी दोन्ही हात हलवत ओरडलो, "बाई, चालतंय! हृदय चालतंय!"

गाड्यांच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही. मला जीव खाऊन पळताना मात्र त्यांनी पाहिलं, आणि बातमी वाईटच असणार असं धरून डोळे घट्ट मिटून घेतले.